बांधपाड्याचा पट

जानेवारी सरत आला की बांधपाड्याच्या मिठागरात पाय तुडवायचं काम सुरू होतं. खाडीचं पाणी आत घ्यायच्या आधी वाफ्यांचा तळ घट्ट करावा लागतो. त्याला यंत्र नाही. चिखलात ओळीनं उभं राहायचं आणि टाचा रोवत पुढं सरकायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा उलट. रुक्मिणी आणि सुधाकर घरत ही नवरा-बायको लग्न झाल्यापासून असा तळ तुडवत आली होती. वर्ष कसंही जावो, या दिवसांत दोघं एका ओळीत असत, आणि वर्षभराची निम्मी भांडणं तिथंच मिटत.

या वर्षीचं मात्र मिटत नव्हतं.

"आज सर आले होते बांधावर," रुक्मिणी म्हणाली.

"बघितलं." सुधाकरनं टाच रोवली. "तुला कागद दिला. माझ्याकडं बघून नुसते हसले."

"कचेरीतून बाई येनार हायेत, याच आठवड्यात. पोरं मोजायला."

"मोजू दे की. दहा हायेत."

"दहा हायेत म्हनूनच तर," ती म्हणाली.

पुढचं दोघांना माहीत होतं. बांधपाड्याची शाळा चौथीपर्यंतची. दोन खोल्या, एक शिक्षक, तेच मुख्याध्यापक, व्हॅलेरियन सर. दहाच्या खाली पट गेला तर शाळा बंद करून पोरांना हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालायचं असं कागदावर होतं. या वर्षी चौथीत कुणी नव्हतं, म्हणजे जूनमध्येही हीच दहा. आणि दहांतली एक सलोनी होती, यांची मुलगी, तिसरीतली.

सुधाकरच्या मनात तिला जूनपासून बोळिंजच्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं. संध्याकाळी तो दुसऱ्याची रिक्षा चालवायचा. बोळिंजच्या सोसायट्यांतली पोरं मागच्या सीटवर बसून इंग्रजीत भांडायची, ते त्याला आरशात दिसायचं. "भांडतात सुद्धा इंग्रजीत," तो घरी येऊन सांगायचा. त्यात हेवा नसे, नवल असे. पण नवलानं माणूस जास्त पेटतो.

"शालेची अध्यक्ष तू," तो आता म्हणाला. "म्हनून माझ्या पोरीनं तिथं खिळा होऊन बसायचं?"

रुक्मिणीनं पुढची टाच रोवली. तिचे पाय गुडघ्यापर्यंत राखाडी झाले होते, टाचेच्या भेगांत खारं पाणी शिरून झोंबत होतं. ओळीच्या टोकाशी आल्यावर दोघं वळली आणि पुन्हा चालू लागली.

अध्यक्ष ती हौसेनं झाली नव्हती. मागच्या वर्षी पालकांच्या सभेत व्हॅलेरियन सरांनी शाळा व्यवस्थापन समितीसाठी नावं मागितली, तेव्हा सगळे खाली बघत बसले. अध्यक्ष पालकच लागतो. रुक्मिणी नववीपर्यंत शिकलेली, आणि नेमकी तेव्हाच तिनं मान वर केली. तेवढ्यावर ती अध्यक्ष झाली.

मग तिला कळलं, की शाळा जिल्हा परिषदेची आहे, जमीन गावानं दिलेली आहे, आणि गाव आता महापालिकेत आहे. त्यामुळे नळ तुटला तर आधी तो कुणाचा ते ठरवावं लागतं. अनुदान पटावर येतं. पट कमी म्हणून पैसे कमी, पैसे कमी म्हणून पत्रे गळके, आणि पत्रे गळके म्हणून लोक पोरं काढून नेतात. हे तिला सरांनी खडूनं गोल काढून समजावलं होतं. गोल काढून झाल्यावर सर स्वतःच ओशाळले, जणू तो त्यांनीच घातला होता.

बँकेतून शाळेचा पैसा काढायचा तर चेकवर दोन सह्या लागतात, मुख्याध्यापकांची आणि अध्यक्षांची. पहिल्यांदा ती सही करायला गेली तेव्हा मिठाच्या कामानं बोटं ताठ झाली होती. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मावशी, ही सही जुळत नाही." तिनं पुन्हा केली. तीही जुळली नाही. मागं रांग होती. सर हळूच म्हणाले, "त्यांचे हात कामाचे आहेत हो, थोडं थांबा." ती बाहेर नळावर गेली, कोमट उन्हात बोटं चोळत बसली, आणि तिसऱ्या वेळी सही जुळली. त्या पैशांतून शाळेचे दोन पत्रे बदलले. पावसात त्या दोन पत्र्यांखाली सगळी शाळा बसायची.

घरी आल्यावर तिनं कागद सासूला दाखवला. सासूला वाचता येत नव्हतं, पण कागद हातात घेऊन बघायला तिला आवडायचं.

"शाला बंद करतात का काय?"

"नाय आये. पोरं मोजतात."

"मग मोजू दे. वालेरी गुरुजी काय पोरं खातो का?"

सलोनी आत भात चिवडत होती. ती म्हणाली, "आजी, ते व्हॅलेरियन सर आहेत."

"तेच म्हनलं मी."

अडचण निघाली ती शुक्रवारची. शुक्रवारी गावातल्या प्रितेशची हळद होती. बांधपाड्यात हळद एका घराची नसते. सकाळपासून कुणाच्या घरी चूल पेटत नाही. बायका मांडवात भाकऱ्या थापतात, पुरुष लाकडं फोडतात, पोरं पायात पायात करतात. आणि भांडी सगळ्या गावाची. त्यांत शाळेचा मोठा टोपही आला. शाळेत पोषण आहार सुरू झाला तेव्हा गावानं वर्गणी काढून तो घेतला होता. काठावर गावाचं नाव कोरलेलं. तेव्हापासून प्रत्येक हळदीला तो मांडवात जायचा आणि घासून परत यायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मुख्याध्यापकांच्या हातातल्या सुट्ट्या या वर्षी संपल्या होत्या, त्यामुळे हळदीला शाळा बंद ठेवता येत नव्हती. गुरुवारी सर रुक्मिणीला म्हणाले, "उद्या मुलं येतील ना? मॅडम उद्याही येऊ शकतात. म्हणजे, येतीलच असं नाही. पण येऊ शकतात."

"मी आनते सगल्यांना. दोन तास बसतील, मग मांडवात जातील."

संध्याकाळी ती घरोघर फिरली. "दहा वाजता शालेत," तिनं सांगितलं. सगळ्या आया हो म्हणाल्या. टोप न्यायला प्रितेशची चुलती आली तेव्हा रुक्मिणीनं अध्यक्ष या नात्यानं बजावलं, "साडेदहाच्या आत परत. लतिकाला पोरांची खिचडी टाकायची हाय."

"आनते गं. आम्ही काय टोप चावतो?"

शुक्रवारी सकाळी रुक्मिणी पीठ मळायला बसली ती मळतच राहिली. चाळीस बायका, पाच चुली, मध्ये धूर. गाणी चालू झाली. कुणी तिच्या गालाला हळद लावली. दहा कधी वाजले ते तिला कळलं नाही. टोपात वाटाण्याची आमटी रटरटत होती, आणि शाळेची स्वयंपाकीण लतिका तीच आमटी ढवळत होती.

मग मांडवाच्या दाराशी व्हॅलेरियन सर दिसले. चपला काढून उभे होते, आत यावं की नाही या विचारात. त्यांचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आल्या," ते म्हणाले. एवढंच.

रुक्मिणी पिठाचे हात तसेच घेऊन उठली. तिनं मांडवातून पोरं गोळा केली. एक टेम्पोत चढलं होतं, एक बँजोवाल्यांच्या ढोलावर बसलं होतं, दोघी बहिणी मेंदी वाळवत होत्या. "चला, शालेत चला, लगेच सोडते." जरीचे परकर, गॉगल, कपाळाला हळद. नऊ जमली. सलोनी दिसेना.

"आये, सलोनी कुठाय?"

सासू पानाला चुना लावत होती. तिनं वर बघितलं नाही. "बापाबरोबर गेली. रिक्षातून. सांगू नको म्हनला."

"कुठं?"

"ते बोलिंजला. तिथं म्हने पोरांना बघतात."

रुक्मिणी दोन क्षण उभी राहिली. मग नऊ पोरांना घेऊन शाळेकडे निघाली.

शाळेच्या ओट्यावर कचेरीतल्या अमिषा मॅडम उभ्या होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, खांद्याला पर्स, हातात फाइल. त्यांनी वरातीसारखी येणारी शाळा बघितली आणि ओठ दाबून हसू आवरलं.

"आज गॅदरिंग आहे का?"

"हळद आहे मॅडम," सर म्हणाले. "चूक माझी आहे."

"आणि पोषण आहार? किचन बंद आहे."

मागून लतिका पदर खोचत धापा टाकत आली होती. ती म्हणाली, "शिजतोय ना मॅडम. मांडवात."

मॅडमनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही. मग म्हणाल्या, "हजेरी घ्या."

पोरं ओळीत बसली. रुक्मिणीनं मोजली, आणि पुन्हा मोजली. दहा होती. ओळीच्या शेवटी हिरव्या फ्रॉकातली एक मुलगी बसली होती, सलोनीएवढीच. प्रितेशच्या पाहुण्यांतली. लतिका तिच्या मागं उभी राहून खांद्यावर हात ठेवून होती, आणि रुक्मिणीकडे बघून तिनं हळूच डोळे मिटले. घाबरू नको, असं.

लतिकाचा नवरा नव्हता. शाळा गेली तर तिची चूल जाणार होती. रुक्मिणीला राग आला नाही.

सर नावं घेऊ लागले. एकेक पोर ओरडून "हजर" म्हणू लागलं. नऊ झाली. सरांनी दहावं नाव घेतलं. "सलोनी सुधाकर घरत."

लतिकानं हिरव्या फ्रॉकाला बोट लावलं.

"हजर," ती मुलगी म्हणाली.

सरांचं पेन कागदाच्या वर थांबलं. छत्तीस वर्षं नोकरी झालेला माणूस. त्यांनी मुलीकडं बघितलं, मग खाली बघितलं. हो म्हणायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, आणि लतिकासमोर नाही म्हणायचंही.

"सर, नका लिहू," रुक्मिणी म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघू लागले. तिच्या कोपरापर्यंत पीठ वाळलं होतं.

"ही पाहुन्यांची पोर हाय मॅडम. तिचा काय दोष नाय, कुनाचाच नाय. सलोनी माझी. ती आज आली नाय."

मॅडमनी फाइल मिटून पुन्हा उघडली. "तुम्ही अध्यक्ष ना? आणि तुमचीच मुलगी गैरहजर?"

"हो."

"कारण?"

रुक्मिणीला खोटं सुचत होतं. ताप होता, मामाकडं गेली. पण ते तोंडात येईना.

"तिच्या बापाला ती मोठी व्हायला हवीय," ती म्हणाली. "बोलिंजला नेलंय, इंग्रजी शालेत दाखवायला."

लांबून बँजो ऐकू येत होता.

"हे मी रकान्यात कसं लिहू?" मॅडम म्हणाल्या. आवाज आता वेगळा होता.

"घरगुती, असं लिहा."

मॅडमनी तसं लिहिलं. मग त्या सरांना म्हणाल्या, "पट दहा, हजर नऊ. दाखला निघेपर्यंत नाव पटावर आहे, तेवढं मी लिहीन. पण पुढच्या वर्षाचं मला समितीकडून पाहिजे. ठराव घ्या. कोणाची मुलं राहणार, पालकांच्या सह्यांनिशी. सोमवारी द्या." ओटा उतरताना त्या रुक्मिणीजवळ थांबल्या. "आणि टोप आठवणीनं परत आणा."

सुधाकर दुपारी परत आला तेव्हा रुक्मिणी मागच्या दारी हात धूत होती. सलोनीच्या वेण्यांना लाल रिबिनी होत्या, आणि पायात शेजारच्या पोरीचे बूट. ती बूट काढून आजीकडं पळाली. सुधाकर दगडावर बसला. धुवट पांढरा शर्ट, खिशात घडी केलेला फॉर्म.

"कललं मला," तो म्हणाला. "वाटेत लोकांनी सांगितलं. बाई आजच येनार हे मला ठाऊक नव्हतं."

"मला सांगितलं असतं तर मी काय अडवलं असतं?"

"असतं."

तिनं तांब्या पुन्हा भरला. अडवलं असतं.

"काय झालं तिथं?" तिनं विचारलं.

"बसवलं. एसी हाय. फॉर्म इंग्रजीत, तो सलोनीनंच भरला, एकेक अक्षर. मग तिला आत घेतलं, मला बाहेर थांबा म्हनले." तो बोटाच्या सालपटाशी खेळत होता. "दार काचेचं होतं, ऐकू येत होतं. तिला विचारलं, बाबा काय करतात. ती म्हनली, मीठ करतात."

"मग?"

"मग हसले. वाईट नाय हसले. पन हसले." तो थांबला. "वाचून बघायला पुस्तक दिलं, ते अडलं तिला. घेऊ म्हनाले, पन जूनमध्ये पुन्हा तिसरीतच बसवू. एक वर्ष मागं."

"पुन्हा तिसरीत?" रुक्मिणीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सलोनी रोज आजीला पेपर वाचून दाखवायची, मयतांच्या बातम्यांसकट.

"रिक्षात बोलली नाय अख्खी वाट. विरारच्या पुलावर म्हनते, बाबा, मी नापास झाले का? मी म्हनलं, नाय गं. मग म्हनते, मग मागं का?"

रुक्मिणीनं तांब्यातलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. त्यानं पाय पुढं केले. तिनं वाकून त्याच्या टाचा चोळल्या. भेगांतलं राखाडी निघता निघत नव्हतं. बोळिंजला जाताना त्यानं पाय घासून घासून धुतले होते, हे तिला दिसलं. घोट्यापाशी साल लाल झाली होती.

"ऐका," ती म्हणाली. "आज मी पोरं मोजत होते ना, तेव्हा मला सलोनी पाहिजे होती ती दहावी म्हनून. पोरगी म्हनून नाय. ते मला मागनं कललं, अन् लाज वाटली. तुम्हाला घालायची असेल तर घाला तिथं. दाखल्याचा अर्ज मी लिहून देते."

"अन् तुझी शाला?"

"शाला काय माझी हाय."

सुधाकर फॉर्म खिशातून काढून, उलगडून, पुन्हा घडी घालत बसला. संध्याकाळी दोघं हळदीला गेली. तो नाचला नाही. एरवी तो पहिला नाचायचा.

सोमवारी चार वाजता सभा भरली. पोरांच्या सतरंजीवर पालक बसले, बहुतेक बायका. प्रत्येकीचे गुडघे कुणाच्या तरी पाठीला लागत होते. सासूही येऊन दाराशी बसली. ती पालक नव्हती, पण तिला उठवणार कोण? सरांनी इतिवृत्ताची वही रुक्मिणीसमोर ठेवली. रुक्मिणी एकेक नाव विचारत गेली. तुमची राहणार? राहणार. सही करा. सही. दोघी बहिणींच्या आईनं दोनदा केली. नऊ सह्या झाल्या.

"दहावं पोर माझं," ती म्हणाली. "माझ्या घरात अजून ठरलं नाय. म्हनून ती जागा मी मोकली ठेवते. खोटं लिहायचं नाय, हे शुक्रवारीच ठरलं हाय."

लतिका मान खाली घालून सतरंजीचे दोरे ओढत होती. सर म्हणाले, "मग आपण नऊच पाठवू. जे असेल ते."

तेवढ्यात दारात सावली पडली. सुधाकर मिठागरातून तसाच आला होता, हाफ पँट, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. सतरंजीकडं बघून तो उंबऱ्यातच बसला.

"सर, पालकाला बोलता येतं का इथं?"

"येतं की. सूचना मांडता येते."

"मग मांडतो." त्यानं घसा साफ केला. बायकांपुढं बोलायची त्याला सवय नव्हती. "सलोनी चौथीपर्यंत इथंच. पन पोरांना रोज एक तास इंग्रजी पाहिजे. सगल्यांना. वाचायचं, बोलायचं. भांडता आलं पाहिजे इंग्रजीत. अन् चौथीनंतर जिथं जाईल तिथं तिला कोनी मागं बसवायचं नाय. हे लिहा वहीत."

रुक्मिणी त्याच्याकडं बघत राहिली. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं. सकाळी ओळीत शेजारी तुडवतानाही नाही.

सगळे सरांकडं वळले. सरांचे कान लाल झाले. "मी शिकवू शकेन," ते म्हणाले. "म्हणजे, प्रयत्न करीन. माझं इंग्रजी पुस्तकी आहे हो. बोलायची भीती वाटते."

"आम्हाला कुठं बोलता येतं?" लतिका म्हणाली. "तुम्ही चुकलात तर कलनार कोनाला?"

पहिल्यांदा सगळ्या मोकळ्या हसल्या. सरही हसले. मग म्हणाले, "एकदा त्या मॅडमना बोलावून घेऊ तपासायला. त्यांना कळेल."

रुक्मिणीनं वही जवळ ओढली आणि ठराव लिहायला घेतला. बोटं ताठ होती, सावकाश लिहावं लागत होतं. इंग्रजीचा तास, दहा मुलं, सर्वांच्या सह्या. शेवटची ओळ आली तिथं ती थबकली.

"सूचकाचं नाव," सर म्हणाले. "पूर्ण लिहा. आणि ठराव वाचून दाखवावा लागतो. नावासकट."

नाव लिहायला काही नव्हतं. तिनं लिहिलं. पण वाचायचं होतं, मोठ्यानं, सासूदेखत. आजवर तिनं ते नाव एकदाच घेतलं होतं, लग्नाच्या दिवशी उंबऱ्यावर, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. एरवी सलोनीचे बाबा.

सतरंजीवर खुसफुस सुरू झाली.

"घे की, अध्यक्षबाई!"

"नुसतं नाय चालायचं हां, उखाना पाहिजे!"

सासूनं तोंडाला पदर लावला. सुधाकर उंबऱ्यात बसून स्वतःच्या पायाकडं बघत होता, पोरासारखा.

रुक्मिणीनं उखाणा घेतला नाही. तिनं वही दोन्ही हातांत धरली आणि सुरुवातीपासून वाचलं, सर हजेरी घेताना वाचतात तसं, प्रत्येक शब्द सुटा. शेवटच्या ओळीला आवाज जरासा खाली गेला, पण तुटला नाही.

"सूचक, श्री. सुधाकर जनार्दन घरत."

कुणी हसलं नाही.

"अनुमोदक?" तिनं विचारलं. मान वर करायची तिची हिंमत नव्हती. डोळे वहीवर ठेवूनच ती थांबली. मग हात वर होताना बांगड्या किणकिणल्या. आधी एक, मग दुसरा. मग इतक्या एकदम, की मोजता येईनात.